चौथ्या डेकवरची केबिन

हरिपूरच्या राजमतीअक्का पाटलांनी प्रवासाचा एजंट निवडायला सव्वा महिना घेतला. मुलीला स्थळ बघतानासुद्धा बाईनं एवढी चिकित्सा केली नव्हती, असं त्यांचे यजमान बाबगोंडाअण्णा ज्याला त्याला सांगत सुटले होते.

खरं म्हणजे एजंट निवडायची वेळच आता कुणावर येत नव्हती. फोनला नुसतं म्हणायचं, दोन माणसं, पंधरा दिवस, समुद्र. की तो जहाज, केबिन आणि जेवणाचं टेबल ठरवून तिकीट पुढ्यात टाकायचा. सांगलीत एके काळी प्रवास कंपन्यांच्या पाट्याच पाट्या होत्या, त्यातल्या तीन शिल्लक राहिल्या होत्या. अक्का त्या तिन्ही ठिकाणी गेल्या आणि तिघांनाही त्यांनी एकच प्रश्न विचारला. "जहाजावर सूर्य किती वाजता मावळतो?"

अक्कांचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, नंतर पाण्याचा घोटही नाही, हा त्यांचा नेम लग्नाच्या आधीपासूनचा होता. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा त्यांनी तो मोडला नव्हता. लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होतील तेव्हा जहाजातून फिरून यायचं असं ठरलं होतं, पण नेम बुडवून मिळणारी मौज त्यांना नको होती.

पहिला एजंट म्हणाला, "फोनवर दिसेल की, आजी." दुसरा म्हणाला, "जैन जेवणाची फर्स्टक्लास सोय आहे, कांदाबटाटा औषधालासुद्धा सापडणार नाही." विचारलेलं राहिलं बाजूला. तिसरा होता धन्यकुमार मगदूम. वय अठ्ठावन्न, अंगानं सडपातळ, कानावरचे केस पिकलेले. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि उलट विचारलं, "कुठल्या दिवशीचा, अक्का?"

"म्हणजे?"

"जहाज पश्चिमेला जाणार. मुंबईला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. चार दिवसांनी ओमानमधल्या सलालाला पोचलात की तिथल्या घड्याळात पावणेसहाला. सुएझला पाचच्या आत. त्यात जहाजाचं घड्याळ कप्तान कधी मागे घेतो त्यावर आहे. मी तुम्हाला रोजचा तक्ता करून देईन. आणि स्वयंपाकघराला आधी कळवून ठेवीन, कारण त्यांची जेवणाची पहिली पंगत सहाला असते."

अक्कांनी बरोबर आलेल्या अण्णांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हा चालतोय."

"पण एक अट हाय," त्या पुढे म्हणाल्या. "तू स्वतः संगट यायचंस. तक्ता कागदावर असतोय. स्वयंपाक्याशी भांडायला माणूस लागतंय."

धन्यकुमार हसला आणि हो म्हणाला. जहाजाची कंपनी वर्षाला एकदा एजंटाला फुकट जागा देत असे. त्याची दरवर्षीची जागा तो कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालून मोकळा व्हायचा. तीस वर्षं लोकांना समुद्रावर पाठवणारा हा माणूस स्वतः एकदाच, नोकरीच्या सुरुवातीला, दोन दिवस जहाजावर चढला होता.

संध्याकाळी त्यानं बायकोला ही गोष्ट सांगितली. त्रिशला गणिताची शिक्षिका होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. ती शेंगा फोडत बसली होती.

"म्हणजे तुम्ही चाललात," ती म्हणाली. "आणि मी कोण, हरवलेलं सामान?"

"अगं, मी कामाला चाललोय. सोळा दिवस मी त्यांच्या मागे पळणार. तू तिथं एकटी बसून काय करशील? पुढच्या सीझनला आपण दोघंच जाऊ, निवांत."

"पुढच्या सीझनला," त्रिशलानं शेंग फोडली. "बावीस वर्षं झाली हो त्या सीझनला."

ती हे चिडून म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हसत म्हणाली, आणि दाण्यांची वाटी त्याच्याकडे सरकवली.

आता जहाजांच्या केबिनी कशा वाटल्या जायच्या ते सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडकलं.

त्या आधीच्या आठदहा वर्षांत रक्ताची एक नवी तपासणी घरोघर पोचली होती. माणसाच्या रक्तात हजारो प्रकारची प्रथिनं फिरत असतात. त्यातली काही हृदयातून आलेली, काही मूत्रपिंडातून, काही मेंदूतून. शास्त्रज्ञांना असं दिसलं, की माणूस साठीचा असला म्हणून त्याचे सगळे अवयव साठीचे नसतात. हृदय पन्नाशीचं असतं आणि मूत्रपिंड पंच्याहत्तरीचं, किंवा नेमकं उलट. एका थेंबातली ही प्रथिनं मोजली, त्याला माणसाच्या चालण्याबोलण्यातले बारीक फरक जोडले, की यंत्र एक आकडा काढायचं. पुढच्या अठरा महिन्यांत या माणसाला काही गंभीर होण्याची शक्यता किती, तो आकडा. तो हवामानाच्या अंदाजासारखा होता. पाऊस पडेलच असं नाही. पण दहा जणांना छत्री घ्या म्हटलं तर सातआठ जणांना ती लागायची.

असा आकडा मोकाट सुटला तर काय होईल हे ओळखून सरकारनं कायदा केला. माणसानं स्वतः डॉक्टरसमोर बसून मागितल्याशिवाय त्याचा आकडा कुणीही त्याला किंवा दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही. मालकाला नाही, विमावाल्याला नाही, बायकोपोरांनाही नाही. सूट फक्त थोड्यांना होती, आणि त्यात जहाजं होती. भर समुद्रात दवाखाना म्हणजे जहाजावर असेल तेवढाच. कुठल्या फेरीला किती डॉक्टर घ्यायचे, प्राणवायूच्या किती टाक्या, हे आधी ठरवायला आकडा लागायचा. बुकिंगच्या फॉर्मवर चौदावं कलम त्याचंच होतं. ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे, सगळे खूण करून पुढे जात. मग यंत्र आतल्या आत आकडे बघायचं आणि केबिनी वाटायचं. माणसाच्या डोळ्यांना आकडा दिसत नसे.

पण धन्यकुमार तीस वर्षं केबिनींचं वाटप बघत आला होता. आकडा कुलपात होता, केबिनीचा नंबर मात्र तिकिटावर छापला जायचा.

त्याला पहिल्यांदा शंका आली ती बँकेतल्या आवटीसाहेबांच्या वेळी. साहेबांना नवव्या डेकवर बाल्कनी हवी होती. जहाजात मजल्याला डेक म्हणतात. नवव्यावर जागा मोकळी होती, पैसे द्यायला ते तयार होते, तरी यंत्र तीनदा फिरून त्यांना चौथ्या डेकवर, अगदी मधोमध टाकत होतं. वर न मागता एक ओळ जोडलेली, तारीख बदलण्याची मुभा. चौथ्या डेकवर मधोमध जहाजाचा दवाखाना असतो, आणि स्ट्रेचर मावेल एवढी लिफ्ट तिथंच. त्या वेळी धन्यकुमारच्या हे ध्यानात आलं नाही. त्यानं साहेबांची समजूत काढली, "बरंच आहे की साहेब. तिथं जहाज कमी हलतं." हे खोटंही नव्हतं. जहाजाच्या पोटात, मधोमध, हेलकावा सगळ्यात कमी लागतो. आवटीसाहेब प्रवासाच्या दोन महिने आधी गेले. तिकीट रद्द करायला त्यांची बायको आली. जाताना दारात थांबून तिनं विचारलं, "तुम्हाला काही ठाऊक होतं का हो? त्या मुभेच्या ओळीबद्दल हे फार विचार करायचे."

"नाही, वहिनी," तो म्हणाला. त्या दिवशी ते खरं होतं. त्या रात्री तो जुनी तिकिटं काढून बसल्यावर ते खरं राहिलं नाही. ती मुभेची ओळ त्याला आणखी चार जणांच्या तिकिटावर सापडली. चौघांपैकी तिघांची नावं त्यानं नंतर वर्तमानपत्रात छोट्या चौकटीत वाचली होती.

त्यानं ही गोष्ट फक्त त्रिशलाला सांगितली. पुढे असं गिऱ्हाईक आलं की तो काहीबाही निमित्त काढून त्याला लवकरच्या फेरीवर चढवायचा आणि केबिनीबद्दल विचारलं की तेच वाक्य म्हणायचा. तिथं जहाज कमी हलतं. त्रिशलानं ते वाक्य फोनवर इतक्यांदा ऐकलं होतं, की ते कानावर पडलं की ती हातातलं काम थांबवून क्षणभर उभी राहायची.

पाटलांचं बुकिंग त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी केलं. 'नीलांबरी' जहाज, पुढच्या वर्षीचा डिसेंबर, म्हणजे सोळा महिन्यांनी. तीन प्रवासी, शेजारशेजारच्या दोन केबिनी, कारण अक्कांनी तसं बजावलं होतं. त्यानं नवव्या डेकवर बोट ठेवलं. यंत्रानं थोडा वेळ घेतला आणि उत्तर दिलं. डेक चार, मध्य. खाली ओळ, तारीख बदलण्याची मुभा.

धन्यकुमार खुर्चीत मागे रेलला. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हृदयात दोन स्टेंट. सव्वा महिना एजंट शोधणाऱ्या त्या बाईचा चेहरा त्याच्यासमोर आला. सोळा महिने फार लांब होते. पण याच डिसेंबरच्या फेरीला अजून चार महिने होते, आणि त्या फेरीत जागा होती.

तो त्याच संध्याकाळी हरिपूरला गेला. अण्णा सोप्यात आरामखुर्चीवर पाय पसरून बसले होते. अक्कांनी पोह्यांची बशी आणून ठेवली आणि घड्याळ बघून म्हणाल्या, "पंचवीस मिनिटं हायत. खा."

"अण्णा, मी काय म्हणतो," धन्यकुमारनं सुरुवात केली, "याच डिसेंबरात जाऊन आलो तर?"

"याच? आरं, एकोणपन्नास पूर्ण होतायत. पन्नास पूर्ण झाल्यावर जायचं ठरलंय नव्हं?"

"पुढच्या वर्षी ते जहाज दुरुस्तीला जाणार आहे म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"कंपनीकडून कळलं."

"मग काल पुढच्या वर्षीचं तिकीट काढतो कसं म्हणाला हुतास?"

धन्यकुमारनं पोह्यांची बशी पुढे ओढली. त्याला खोटं बोलायची सवय होती, पण ती समोरच्यानं चालवून घेतलं तर. अण्णांनी चाळीस वर्षं साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून काढली होती. रसाचा रंग बघून त्यात किती साखर आहे ते सांगण्यात त्यांची हयात गेली होती.

"धन्या, तुला काय कळलंय ते सरळ सांग," अण्णा म्हणाले. "मी काय रडणार न्हाई."

अक्का दारातच थांबल्या. धन्यकुमारनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. चौदावं कलम, दवाखाना, लिफ्ट, मुभेची ओळ, आवटीसाहेब. सांगताना त्याला त्यांच्याकडे बघवेना, तो पोह्यांकडे बघून बोलत राहिला. बोलून झालं तेव्हा अक्कांनी अण्णांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलेला होता.

अण्णांनी पसरलेले पाय जवळ घेतले. मग म्हणाले, "माझं एकट्याचं नाव घालून बघितलंस?"

"एकट्याचं कशाला? तिघांचं एकदम टाकलं."

"आरं लेका!" अण्णा खुर्चीत उठून बसले. "तीन टाक्यांचा रस एका बादलीत ओतलास. नमुना आंबट लागला. आणि टाकी माझी सगळ्यात जुनी म्हणून बोट माझ्याकडं! कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता."

"अण्णा, तुमचं वय, तुमचे स्टेंट..."

"वय बघायचं असतं तर यंत्र कशाला लागलं असतं? वेगवेगळं बघ. आत्ता बघ."

एजंटाला वीस मिनिटं केबिन अडवून धरता येत असे, त्याला होल्ड म्हणायचे. पैसे लागत नाहीत, वेळ संपला की केबिन आपोआप सुटते. धन्यकुमारनं टॅब काढला. बाबगोंडा पाटील, एक प्रवासी. पुढच्या वर्षीचा डिसेंबर.

डेक नऊ. बाल्कनी. मुभेची ओळ नाही.

"बघ!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "दोन स्टेंट आणि बाल्कनी!" ते मोठ्यानं हसले आणि मधेच थांबले. त्यांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि एवढा वेळ न घाबरलेला तो माणूस घाबरला. "राहू दे," ते म्हणाले. "तिचं बघू नकोस."

"का बघू नको?" अक्का म्हणाल्या. "तुमचं बघितलंय की. बघ रे."

त्यानं त्यांचं नाव घातलं. डेक नऊ, बाल्कनी.

अण्णांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. अक्का म्हणाल्या, "बरं झालं, मिटलं एकदाचं," आणि मग त्यांची नजर धन्यकुमारकडे वळली. हिशेब तिघांनाही एकदमच सुटला होता. तीन नावांतली दोन निघून गेली होती.

खरं सांगायचं तर धन्यकुमारला आपलं नाव त्या तिघांत आहे हे तोवर सुचलंच नव्हतं. फॉर्मवर त्यानं ते स्वतः भरलं होतं. पण तीस वर्षं त्यानं प्रवासी म्हणून दुसऱ्यांकडेच बघितलं होतं. गाडीत बसलेली माणसं मोजताना चालक स्वतःला मोजत नाही, तसं झालं होतं.

तो टॅब बंद करायला लागला. अक्का पुढे झाल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "बस जरा," त्या म्हणाल्या. बाहेर उजेड कमी होत चालला होता. अक्कांच्या जेवणाची वेळ टळत होती आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा कुठं त्याला खरं वाटलं.

"अक्का, जेवून घ्या," तो म्हणाला. "दहा मिनिटं उरलीत."

"आज उपास," अक्का म्हणाल्या.

त्याला निरोप द्यायला अण्णा फाटकापर्यंत आले. "आकडा म्हणजे निकाल नव्हे," ते म्हणाले. "आंबट लागला तर तपासायचं, चुना घालायचा, तापवायचं. चाळीस वर्षं तेच केलं मी. उद्या मिरजेला डॉक्टरकडे जा. आणि त्रिशलाला सांग."

मिरजेला तो गेला. तपासण्यांत दोन दिवस गेले. डॉक्टर तरुण होती आणि घाईत नव्हती. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीची भिंत एका जागी पातळ झाली आहे, ती म्हणाली. औषधांनी दाब कमी ठेवू. चार महिने बघू, मग ऑपरेशनचा विचार करू. ऑपरेशनही सोपं नाही. "तुमचा आकडा हवा असेल तर तुम्हाला मागता येतो. मागायचाय?"

धन्यकुमारनं थोडा विचार केला. "नको," तो म्हणाला. "मला केबिन कळलीये, तेवढं पुरे."

डॉक्टरला ते समजलं नाही आणि त्यानं समजावलंही नाही. "डिसेंबरात सोळा दिवस जहाजावर गेलं तर चालेल?" त्यानं विचारलं.

"जहाजावर दवाखाना जवळ असेल तर माझी हरकत नाही."

"अगदी शेजारी आहे," तो म्हणाला.

त्रिशलाला मात्र त्यानं काही सांगितलं नाही. मिरजेला कामानिमित्त गेलो होतो म्हणाला. औषधाच्या गोळ्या दुकानाच्या खणात ठेवल्या. आठ दिवस त्यानं स्वतःशी सगळं व्यवस्थित मांडून ठेवलं. सांगून काय होणार? तिची झोप जाईल. सोळा दिवस समुद्राकडे बघायचं सोडून ती माझ्या छातीकडे बघत बसेल. आधी प्रवास होऊ दे, मग सांगू. आवटीसाहेबांपासून गिऱ्हाइकांच्या बाबतीत तो हाच विचार करत आला होता, आणि त्याला तो नेहमी दयेचा वाटला होता. पहिल्यांदाच तो विचार त्याला आतून, ज्याच्याविषयी केला जातो त्याच्या बाजूनं दिसत होता, आणि त्याला काही तो तितकासा आवडत नव्हता.

नवव्या दिवशी तो आवटीवहिनींच्या घरी गेला. वहिनींनी पाणी दिलं. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही मला दारात एक विचारलं होतंत. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्याच रात्री ठाऊक झालं, आणि मी तुम्हाला येऊन सांगितलं नाही." मग त्यानं मुभेच्या ओळीचा अर्थ सांगितला.

वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्या चिडतील याची त्याची तयारी होती.

"ह्यांना कळलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी डॉक्टरांकडून आकडा मागून घेतला होता. मला सांगितलं नाही. ते गेल्यावर कागद सापडला. मी घाबरेन म्हणून सांगितलं नसणार." त्यांनी पदरानं हात पुसले, हात कोरडेच होते. "सात महिने, धन्यकुमार. सात महिने ते त्या आकड्याबरोबर एकटे राहिले आणि मी शेजारच्या खोलीत मालिका बघत होते. घाबरले असते मी. घाबरायचं होतं हो मला त्यांच्याबरोबर."

धन्यकुमार तिथून पायीच दुकानावर आला. सांगलीच्या पुलावर तो दम घ्यायला थांबला, तेव्हा खाली नावाडी नाव बांधत होता. दुकानात आल्यावर त्यानं टॅब उघडला, जुनं बुकिंग रद्द केलं आणि नवं भरायला घेतलं. 'नीलांबरी', याच डिसेंबरची फेरी. त्यानं अण्णांना फोन लावला. फोन अक्कांनी उचलला.

"अक्का, तुमचं पुढच्या वर्षीचं वेगळं काढतो. नवव्या डेकवर. मी मात्र ह्या डिसेंबरात..."

"आम्ही पण ह्याच डिसेंबरात येणार," अक्का म्हणाल्या. "एकोणपन्नास पूर्ण झाली म्हणजे पन्नासावं लागलं. तेवढं चालतंय."

"पण अण्णा तर म्हणत होते, पूर्ण झाल्यावरच."

"त्यांना मी बघते. आणि आम्हाला तुमच्या शेजारीच दे, चौथ्यावर."

"अक्का, तुम्हाला बाल्कनी मिळतीये."

"बाल्कनीत बसून मी काय करू? सांजच्याला जेवायला माणसं नकोत व्हय?"

फोन ठेवल्यावर धन्यकुमारला रडू आलं. दुकानात कुणी नव्हतं, त्यामुळे त्यानं ते आवरलं नाही. मग डोळे पुसून त्यानं चौथं नाव भरलं. त्रिशला धन्यकुमार मगदूम. फॉर्म चौदाव्या कलमाशी आला तेव्हा त्यानं खूण केली नाही. ते कलम त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं वाचलं. तिची खूण तिनंच करायची होती.

त्या दिवसापासून त्यानं दुकानातली एक पद्धत बदलली. गिऱ्हाईक आलं की चहाच्या आधी तो चौदावं कलम वाचून दाखवायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा. काही जण खूण न करता उठून जायचे. काही जण बसून राहायचे आणि खूप वेळानं विचारायचे, तुम्ही असता तर काय केलं असतंत? पण ते पुढचं.

घरी आला तेव्हा ऊन कलतं होतं. त्रिशला मागच्या अंगणात तारेवरचे कपडे काढत होती. त्यानं छापलेलं तिकीट तिच्या हातात दिलं. "ह्याच डिसेंबरात," तो म्हणाला. "दोघं. पाटील आहेत शेजारी. तुझी खूण राहिलीये, चौदाव्या कलमावर."

"ह्याच?" त्रिशला हसली. "पुढचा सीझन आला म्हणायचा." कपडे खांद्यावर टाकून ती वाचायला लागली. गणिताची बाई ती, पहिल्या ओळीपासून वाचायची तिची सवय होती. प्रवाशांची नावं, जहाजाचं नाव, निघायचा दिवस. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं आणि हललं नाही. डेक चार, मध्य.

"पाटलांमुळे का?" तिनं विचारलं. मान वर केली नाही.

"नाही. पाटलांना नवव्यावर मिळत होती."

ती अजून तिकिटाकडेच बघत होती. तारेवर त्याचा एक सदरा राहिला होता, तो वाऱ्यानं तिच्या दंडाला लागत होता. तिनं तो काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. धन्यकुमारनं मिरजेचं सगळं सांगितलं. धमनी, गोळ्या, चार महिने, दुकानाचा खण. आठ दिवस लपवलं तेही सांगितलं. सदरा तिनं छातीशी धरला होता.

"चौथ्या डेकवर खिडकी असते?" तिनं विचारलं.

"असते. गोल. पाण्याच्या जवळ असते, वरच्यांना एवढं जवळ दिसत नाही. रात्री लाटा काचेखालून जाताना ऐकू येतात म्हणे."

"म्हणे?"

"मी कुठं बघितलंय?" तो म्हणाला.

त्रिशलानं तिकिटाची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं पुसले नाहीत. मग, फोनवर तो जसा म्हणायचा त्याच चालीवर, त्याच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "बरंच आहे की. तिथं जहाज कमी हलतं."